जें हातीं लागत नाहीं त्याचें माप

विज्ञानाच्या इतिहासांत शोधांचे उत्सव होतात, मोजमापांचे होत नाहींत. वास्तविक पाहतां कित्येक मोठीं कार्यें एखाद्या क्षुल्लक भासणाऱ्या आंकड्यासाठीं अडून राहिलेलीं असतात. थोरियमपासून शक्ति मिळविण्याचा आपल्या देशाचा संकल्प हें याचें चांगलें उदाहरण होय.

डॉ. होमी भाभा यांनीं १९५४ सालीं अणुशक्तीचा जो तीन टप्प्यांचा कार्यक्रम मांडला, त्याचा शेवटचा टप्पा थोरियमवर उभा आहे. कारण उघड आहे. आपल्याकडे युरेनियम थोडें, पण केरळच्या किनाऱ्यावरील वाळूंत थोरियम विपुल. परंतु थोरियम हें स्वतः इंधन नव्हे. त्याच्या अणुगर्भानें एक न्यूट्रॉन गिळला म्हणजे त्याचें थोरियम-२३३ बनतें. सुमारें २२ मिनिटांच्या अर्धायुष्यानें त्याचें प्रोटॅक्टिनियम-२३३ होतें, आणि या प्रोटॅक्टिनियमचें सुमारें २७ दिवसांच्या अर्धायुष्यानें युरेनियम-२३३ होतें. हें युरेनियम मात्र खरें इंधन.

सारी मेख त्या २७ दिवसांत आहे. तेवढ्या अवधींत प्रोटॅक्टिनियमनें आणखी एक न्यूट्रॉन गिळला, तर तो न्यूट्रॉनहि व्यर्थ गेला आणि होऊं घातलेलें इंधनहि गेलें. असें कितपत घडतें, हें जाणल्यावांचून भट्टीचा हिशेब जुळत नाहीं. मंदगति न्यूट्रॉनांसाठीं कांहीं थेट मापनें झालीं आहेत. वेगवान न्यूट्रॉनांच्या बाबतींत मात्र अडचण फार. मोजण्यासाठीं प्रोटॅक्टिनियमचा नमुना करावा, तर महिन्याच्या आंतच तो निम्मा उरतो, आणि उरतो तोंवर त्याचा स्वतःचा किरणोत्सर्ग मोजयंत्रांस भंडावून सोडतो.

यांतून वाट निघाली ती नील्स बोर यांच्या एका जुन्या विचारामुळें. न्यूट्रॉन गिळलेला अणुगर्भ क्षणभर अत्यंत क्षुब्ध असतो, आणि आपण कोणत्या मार्गानें या स्थितीस आलों याची त्यास आठवण राहत नाहीं, असें त्यांनीं १९३६ मध्यें प्रतिपादिलें. मग जो क्षुब्ध अणुगर्भ न्यूट्रॉन घालून बनवितां येत नाहीं, तो दुसऱ्या वाटेनें कां बनवूं नये? अणुगर्भ न्यूट्रॉन कितपत गिळतो हें गणितानें काढावें; गिळल्यावर तो फुटतो कीं गॅमा किरण टाकून शांत होतो, हें या दुसऱ्या वाटेनें प्रत्यक्ष पाहावें; आणि दोहोंचा गुणाकार करावा. लॉस अलामॉस येथें क्रेमर व ब्रिट यांनीं १९७० मध्यें विखंडनाच्या मापनास ही युक्ति लाविली. इंग्रजींत हिला ‘सरोगेट’ म्हणतात. मला आपला कचेरींतला ‘मुखत्यार’ हा शब्द अधिक पसंत आहे. सही त्याची, पण व्यवहार धन्याचा.

प्रोटॅक्टिनियमच्या कामीं फ्रान्समधील बोर्दो येथील शास्त्रज्ञांनीं थोरियम-२३२ वर हेलियम-३ चा मारा केला. एक प्रोटॉन बाहेर पडला कीं मागें प्रोटॅक्टिनियम-२३४ उरतें, म्हणजे नेमकें प्रोटॅक्टिनियम-२३३ अधिक एक न्यूट्रॉन. या रीतीनें त्यांनीं २००४ मध्यें विखंडनाचे आंकडे १ कोटि इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत, आणि २००६ मध्यें न्यूट्रॉन-ग्रहणाचे १० लक्षांपर्यंत काढले.

विखंडनाच्या कामांत त्यापुढची मजल मुंबईंत मारली गेली. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत ‘पेलेट्रॉन’ हें त्वरणयंत्र १९८८ सालापासून आहे. तें या संस्थेचें व तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राचें सामाईक साधन होय. तेथें बी. के. नायक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं थोरियमवर लिथियम-६ चे कण सोडले. लिथियम-६ म्हणजे सैल जुळलेली जोडी, एक अल्फा कण व एक ड्यूटेरॉन. ड्यूटेरॉन थोरियमांत शिरून अल्फा निसटला, तर प्रोटॅक्टिनियम-२३४ बनतें. उलट अल्फा शिरून ड्यूटेरॉन निसटला, तर युरेनियम-२३६ बनतें. हें दुसरें म्हणजे युरेनियम-२३५ अधिक न्यूट्रॉन, आणि त्याचे आंकडे तर पूर्वींच पक्के ठाऊक. मग दोहोंचें गुणोत्तर घेतलें कीं काम झालें. पाटसच्या माळावरील बाभळीची उंची न चढतां मोजावयाची, तर शाळेंतला मुलगा शेजारीं काठी रोंवतो आणि त्याच वेळीं दोन्ही सावल्या मोजतो. सूर्य किती वर आला आहे हें त्यास ठाऊक असण्याचें कारण नाहीं. येथें युरेनियम ही ती काठी. २००८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या या कामानें १ कोटि १५ लक्ष ते १ कोटि ६५ लक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट एवढ्या ऊर्जेच्या न्यूट्रॉनांसाठीं प्रोटॅक्टिनियम-२३३ च्या विखंडनाचे आंकडे हातीं आले.

तथापि मुखत्यार अगदीं धन्यासारखा वागतोच असें नाहीं. अणुगर्भ वाट विसरला, तरी त्या वाटेवर लागलेली गिरकी, शास्त्रज्ञ जिला स्पिन म्हणतात ती, विसरत नाहीं. विखंडनांत हा फरक बराचसा खपून जातो. न्यूट्रॉन-ग्रहणांत तो बाधतो, आणि न्यूट्रॉनाची ऊर्जा कमी असतां विशेषच बाधतो. म्हणून कित्येक वर्षें ग्रहणाच्या अप्रत्यक्ष आंकड्यांकडे जाणते लोक संशयानें पाहत, आणि माझ्या मतें तें योग्यच होतें. अमेरिकन शास्त्रज्ञांनीं २०१९ मध्यें मॉलिब्डेनम-९५ वर ड्यूटेरॉनांचा प्रयोग करून, गिरकीचा हिशेब स्वतंत्रपणें मांडून, आलेलें उत्तर थेट मापनाशीं ताडून पाहिलें, तें जुळलें.

या पडताळ्याची प्रतीक्षा भट्टीवाल्यांपेक्षां आकाश पाहणारांना अधिक होती. लोखंडाहून जड मूलद्रव्यें ताऱ्यांच्या पोटांत मुख्यतः न्यूट्रॉन गिळीत गिळीत घडतात, असें बर्बिज दांपत्य, फाउलर आणि आपल्या जयंत नारळीकरांचे गुरु फ्रेड हॉइल यांनीं १९५७ मध्यें सविस्तर मांडलें. त्या घडणींतले कित्येक अणुगर्भ क्षणार्धांत नाहींसे होतात. त्यांच्यापुढें २७ दिवस म्हणजे युगच. त्यांचा नमुना करून ठेवण्याची गोष्टच नको. तेथें प्रयोगाची मांडणीच उलटी करावी लागते: तो अल्पायु अणुगर्भच वेगानें सोडावयाचा आणि ड्यूटेरॉन त्याच्या वाटेंत स्थिर ठेवावयाचा.