मॉर्फीन : वेदना आणि मेंदू

अफूपासून मिळणारे तीव्र वेदनाशामक. जर्मन औषधनिर्माता फ्रीड्रिख झेर्ट्यूर्नर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते वेगळे केले. मात्र मेंदूत ओपिऑइड ग्राही (अफूसारखी द्रव्ये ज्यांना चिकटतात ते रेणू) असल्याचे प्रयोगाने दिसायला १९७३ साल उजाडले. १९७५ मध्ये या ग्राहींवर बसणारी, शरीर स्वतःच तयार करीत असलेली एन्केफॅलिने सापडली. मॉर्फीन याच ग्राहींवर, मुख्यतः म्यू प्रकारच्या ग्राहींवर, बसते.

मेरुरज्जूत ते चेतातंतूंच्या टोकांत शिरणारे कॅल्शियम रोखते. त्यामुळे वेदनेचा संदेश पुढे नेणारी रसायने कमी स्रवतात. पुढच्या चेतापेशींतून पोटॅशियम बाहेर पडते व त्या मंदावतात. मध्यमेंदूतून मेरुरज्जूकडे उतरणारी वेदनारोधक यंत्रणाही कार्यान्वित होते. सर्वांत विलक्षण परिणाम भावनिक पातळीवर दिसतो : दुखते आहे हे रुग्णाला कळते, पण त्याचा जाच वाटत नाही. अग्र सिंग्युलेट बाह्यकासारख्या भागांवरील क्रियेशी याचा संबंध आहे. चेतांना इजा होऊन उद्भवणाऱ्या वेदनेवर मात्र ते तितके प्रभावी नाही.

दीर्घ वापरात तीच मात्रा अपुरी पडू लागते. कधी वेदनेची संवेदनशीलताच वाढते. अतिमात्रेने श्वसन मंदावून मृत्यू ओढवू शकतो. त्यावर नॅलोक्सोन हा उतारा आहे. तरीही या भीतीपोटी कर्करोगाच्या रुग्णाला मॉर्फीन नाकारणे अनाठायीच. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने ते दुर्मिळ झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने परवान्यांची पद्धत सोपी केली.