नंबर लागला का वं?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पवनी तालुक्यातलं आमचं आसगाव हे धानाचं गाव. २०२१ च्या जुलैत बांध्यांमध्ये रोवणा चालू होता आणि मी घरात पुस्तकं पसरून बसले होते. नागपूरला एमबीबीएस झालं होतं, इंटर्नशिप संपली होती, करोनाच्या दुसऱ्या लाटेत वॉर्डात कामही केलं होतं. आता एमडी-एमएसच्या प्रवेशपरीक्षेची वाट पाहत होते. ती १८ एप्रिलला व्हायची होती, पण साथीमुळे पुढे ढकलली गेली. शेजारचे काकाजी येता-जाता विचारायचे, ‘‘डॉक्टर झाली ना? मंग घरी काऊन?’’

त्यांना काय सांगावं? एमबीबीएसनंतर बालरोग, स्त्रीरोग, भूल अशा एखाद्या शाखेत तीन वर्षं निवासी डॉक्टर म्हणून राहावं लागतं. ते शिक्षण असतं आणि नोकरीही. रात्री-अपरात्री सरकारी रुग्णालयात रुग्णाजवळ पहिला पोहोचतो तो हाच निवासी डॉक्टर. या जागेपर्यंत पोहोचण्याची वाट कशी तयार झाली, हे मला त्या मोकळ्या महिन्यांत शोधावंसं वाटलं.

माझे एक ज्येष्ठ सर त्यांच्या काळातल्या गोष्टी सांगत. तेव्हा परीक्षा नव्हती. विद्यापीठाचे गुण पाहायचे, आधी हाउसमन म्हणून काम करायचं, मग पुढची जागा. यादी कॉलेजच्या फलकावर लागायची. पण ती यादी बहुतेक घरच्यांसाठीच असे. ज्या राज्याचा, ज्या विद्यापीठाचा विद्यार्थी, त्याचाच पहिला हक्क. दुसऱ्या राज्यातल्या हुशार मुलाला तिथे दार बंद.

या बंद दाराविरुद्ध काही विद्यार्थी सर्वोच्च न्यायालयात गेले. २२ जून १९८४ रोजी ‘डॉ. प्रदीप जैन’ खटल्याचा निकाल लागला. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी लिहिलेल्या या निकालाने सगळ्याच जागा रहिवासाच्या किंवा संस्थेच्या नावावर राखून ठेवायला मनाई केली. पदव्युत्तर शिक्षणाच्या निम्म्या जागा तरी देशभरातल्या विद्यार्थ्यांना खुल्या ठेवा, असं त्यात म्हटलं होतं. पुढे ‘डॉ. दिनेश कुमार’ खटल्यात हे प्रमाण पदव्युत्तरसाठी २५ टक्के आणि एमबीबीएससाठी १५ टक्के ठरलं. त्यातून अखिल भारतीय कोटा आणि त्याची परीक्षा आली. २००५ मध्ये पदव्युत्तरचा कोटा पुन्हा ५० टक्क्यांवर गेला.

म्हणजे आसगावच्या मुलीला आज दिल्ली किंवा चेन्नईच्या सरकारी कॉलेजची जागा मागता येते, ती कुणाच्या मेहेरबानीने नाही. चाळीस वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांनीच भांडून हे दार उघडलं आहे.

दार उघडलं तरी उंबरठे अनेक होते. अखिल भारतीय परीक्षा वेगळी, राज्याची सीईटी वेगळी, ‘एम्स’ची वेगळी, कित्येक खासगी संस्थांची आणखी वेगळी. प्रत्येकीचा अर्ज, प्रत्येकीचं शुल्क, प्रत्येकीसाठी रेल्वेचा प्रवास. ज्याच्या घरी पैसा त्याला संधी जास्त. यावर उतारा म्हणून ‘नीट-पीजी’ ही एकच परीक्षा २०१३ च्या प्रवेशांसाठी आली. १८ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिचे नियम रद्द ठरवले. मग ११ एप्रिल २०१६ रोजी तोच निकाल मागे घेतला आणि २०१७ च्या प्रवेशांपासून ही परीक्षा पुन्हा रुजू झाली.

जगात इतरत्र काय चालतं? अमेरिकेत १९४० च्या दशकात चांगले उमेदवार दुसरीकडे जाऊ नयेत म्हणून रुग्णालयं शिक्षण संपण्याच्या खूप आधीच जागा देऊ करत. नंतर तर ‘काही तासांत होय की नाही ते सांगा’ इथवर मजल गेली. अखेर १९५२ मध्ये ‘मॅच’ पद्धत आली. विद्यार्थी आपली पसंतीची यादी देतो, रुग्णालय आपली देतं आणि दोन्ही जुळवून एकाच वेळी निकाल लागतो. या जुळणीमागचं गणित उलगडणाऱ्या लॉइड शेप्ली आणि आल्विन रॉथ यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्याकडे रुग्णालय निवड करत नाही. इथे गुणवत्ता क्रमांक, आरक्षणाचा प्रवर्ग आणि विद्यार्थ्याने भरलेला पसंतीक्रम यांवर जागा ठरते. मुलाखत नाही, ओळखपाळख नाही. गावच्या मुलांसाठी हे मोठंच बळ आहे.

पण तिथल्या पद्धतीची एक गोष्ट आपण उचलायला हवी होती. ती म्हणजे ठरलेली तारीख.

माझी परीक्षा अखेर ११ सप्टेंबर २०२१ ला झाली. २८ सप्टेंबरला निकाल आला. २५ ऑक्टोबरपासून जागावाटप सुरू व्हायचं होतं. तेवढ्यात ते थांबलं. त्या वर्षी जुलैअखेर अखिल भारतीय कोट्यात इतर मागासवर्गासाठी २७ टक्के आणि आर्थिक दुर्बलांसाठी १० टक्के आरक्षण जाहीर झालं होतं. आठ लाखांच्या उत्पन्नमर्यादेचा वाद न्यायालयात होता. धान कापून झाला, चुरणं झालं, दिवाळी गेली. बाबा एकदा सहज बोलून गेले, ‘‘पऱ्हे वेळेवर रोवले नाही तर जुने होतात. मग फुटवे कमी येतात.’’ मी काहीच बोलले नाही.

नुकसान माझं एकटीचं नव्हतं. नवी तुकडी आलीच नाही, म्हणून देशभरातल्या रुग्णालयांत तीन तुकड्यांचं काम दोन तुकड्या ओढत होत्या. डिसेंबरात दिल्लीत निवासी डॉक्टर रस्त्यावर उतरले. ७ जानेवारी २०२२ रोजी न्यायालयाने वाट मोकळी केली, १२ जानेवारीला जागावाटप सुरू झालं. आरक्षण योग्यच ठरलं. माझं म्हणणं एवढंच, की हा वाद परीक्षेआधी मिटवता आला असता. लांबलेले महिने सगळ्यांना सारखे जड नसतात. ज्याच्या घरी कर्जाचा हप्ता आहे, तो पुस्तक मिटून नोकरी धरतो. २०२४ मध्येही परीक्षा २३ जूनला होती आणि ती आदल्या रात्री पुढे ढकलली. तोवर कित्येक मुलं परगावच्या केंद्रांवर पोहोचली होती.

२९ जानेवारी २०२५ च्या निकालाने तर पदव्युत्तर प्रवेशातलं रहिवासावर आधारित आरक्षणच घटनाबाह्य ठरवलं. १९८४ मध्ये उघडलेलं दार आणखी रुंद झालं. २०२४ मध्ये भंडाऱ्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं. तिथे शिकवायला एमडी, एमएस झालेले लागणार आहेत.

आता गावातली मुलं मला वाट विचारतात. मी सांगते, अभ्यास तर कराच, पण कागदही सांभाळा. जातीचा दाखला, जात वैधता, नॉन क्रिमिलेअर, इंटर्नशिप पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र, मेडिकल कौन्सिलची नोंदणी. राज्याच्या नमुन्यातला दाखला केंद्राच्या कोट्यात चालत नाही, तो वेगळा काढा. आणि पसंतीक्रम भरताना ‘मिळेल का’ हा विचार करू नका. जे खरोखर हवं ते वर लिहा. वरची जागा मागितल्याने खालची हातची जात नाही.

फेब्रुवारीत मला बालरोग शाखा मिळाली. मी काकाजींकडे पेढे घेऊन गेले. त्यांनी विचारलं, ‘‘लागला का वं नंबर?’’ लागला म्हटलं. पेढा तोंडात टाकून ते म्हणाले, ‘‘बरं झालं. आता अजून किती वर्सं?’’

‘‘तीन. आणि मग एक बंधपत्राचं.’’

काकाजींनी दुसरा पेढा उचलला.