नाक्यावरचा फळा आणि हातांतला पडदा



परळच्या ज्या चाळींत माझें बालपण गेलें, तिच्या तळमजल्याच्या भिंतीवर एक काळा फळा टांगलेला असे. गिरणीची पाळी सुटली, कीं सायंकाळीं एक गृहस्थ हातांत खडू घेऊन तेथें उभे राहत आणि चार-सहा ओळी लिहीत. ते स्वतः साचेवाले होते. शिक्षण मराठी चौथीपर्यंतच झालेलें. उद्यां नळाला पाणी उशिरां येणार आहे, अमक्या खोलींतील मुलगी परीक्षेंत उत्तीर्ण झाली, तमक्या गांवच्या मंडळाची सभा रविवारीं भरणार आहे, असा तो मजकूर असे. शेवटीं ते तारीख घालीत आणि सही करीत. लिहिण्यांत कांहीं चूक निघाली, तर दुसऱ्या दिवशीं 'काल लिहिलें तें चुकलें' असें त्याच जागीं लिहावयास त्यांना मुळींच कमीपणा वाटत नसे. वृत्तपत्राचा धंदा म्हणजे काय, ह्याचा माझा पहिला धडा हाच.

आज तो फळा नाहीं. ती चाळ नाहीं, आणि समोरची गिरणीहि नाहीं. चाळींतील माणसें विरार, डोंबिवली, बदलापूर अशीं दूरदूर पांगलीं, आणि आतां तीं मोबाइलच्या पडद्यावर एकमेकांस रोज भेटतात. तेव्हां त्या फळ्याचें काम हा पडदा करील काय, असा प्रश्न साहजिकच मनांत येतो. त्याचें उत्तर शोधावयाचें, तर ह्या शहरांत मराठी वृत्तपत्र आणि त्याचा वाचक ह्यांचें नातें कसें घडत आलें, तें एकवार पाहिलें पाहिजे.

बाळशास्त्री जांभेकर ह्यांनीं ता. ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईंत 'दर्पण' काढलें. हाच दिवस महाराष्ट्रांत पत्रकार-दिन म्हणून पाळला जातो. एका रकान्यांत मराठी आणि शेजारच्या रकान्यांत इंग्रजी, अशी त्याची मांडणी होती. एकीकडे राज्यकर्त्यांस देशी लोकांचें मन कळावें आणि दुसरीकडे देशी लोकांस नवें ज्ञान मिळावें, असा हा दुहेरी आरसा होता. परंतु अक्षरओळख असलेले लोक थोडे, आणि त्यांत पैसे देऊन पत्र घेणारे त्याहून थोडे. १८४० मध्यें 'दर्पण' बंद पडलें. पुढच्याच वर्षीं भाऊ महाजन ह्यांचें 'प्रभाकर' निघालें, आणि त्यांत १८४८ पासून गोपाळ हरि देशमुख 'लोकहितवादी' ह्या नांवानें पत्रें लिहूं लागले. आज तीं 'शतपत्रें' म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यांतील विचारांइतकेंच त्यांचें रूप मला महत्त्वाचें वाटतें. तें संपादकास लिहिलेल्या पत्राचें रूप होतें. म्हणजे वृत्तपत्र हें केवळ एकानें बोलावें आणि इतरांनीं ऐकावें असें व्यासपीठ न राहतां, वाचकानेंहि बोलावें अशी ओसरी झालें.

ही ओसरी अद्याप सुशिक्षितांचीच होती. तिचें दार रुंद केलें तें गिरणगांवानें. १८५४ मध्यें कावसजी दावर ह्यांनीं कापडगिरणीची कंपनी स्थापिली, आणि पुढील तीस-चाळीस वर्षांत परळ, लालबाग, भायखळा ह्या भागांत धुराड्यांचें रानच उभें राहिलें. कोंकणांतून व घाटावरून माणसें आलीं. एकेका खोलींत वीस-वीस जण पाळीपाळीनें निजूं लागले. ह्या माणसांचें म्हणणें मांडणारें पत्र म्हणजे 'दीनबंधु'. सत्यशोधक समाजाचे कृष्णराव भालेकर ह्यांनीं तें १८७७ मध्यें पुण्यास काढलें. आणि १८८० पासून नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनीं तें मुंबईंतून चालविलें. १८८४ च्या सप्टेंबरांत परळ येथें गिरणीकामगारांची सभा भरली आणि सुमारें साडेपांच हजार सह्यांचा अर्ज तयार झाला. आठवड्यांतून एक दिवस सुटी असावी, दुपारीं अर्धा तास विसांवा मिळावा, पगार वेळेवर व्हावा, अशा त्यांतील मागण्या होत्या. १८९० च्या एप्रिलांत महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारें दहा हजार कामगार जमले. स्त्री-कामगारांनींहि त्या सभेंत भाषणें केलीं. त्याच वर्षीं जून महिन्यांत गिरणीमालकांनीं रविवारची सुटी मान्य केली.

आतां विचार करा : ज्यांना वाचतां येत नव्हतें, त्यांच्यासाठीं चालविलेलें हें पत्र त्यांच्यापर्यंत पोंचलें कसें? तें वाचून दाखविलें जात असे. खानावळींत, गांवकऱ्यांच्या खोलींत, चाळीच्या जिन्यावर एकजण मोठ्यानें वाची आणि भोंवतीं पंधरा-वीस जण ऐकत. मध्येंच कोणी प्रश्न विचारी, कोणी आपल्या खात्यांतील अनुभव सांगे, आणि तो अनुभव पुढें पत्ररूपानें छापखान्याकडे जाई. किती प्रती खपल्या ह्यावरून अशा पत्राचें बळ मोजतां येत नाहीं. एका प्रतीभोंवतीं किती माणसें जमत, ह्यावरूनच तें मोजावें लागतें.

परळनेंच पुढें आणखी एका पत्राला जन्म दिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हां परळच्या चाळींत राहत होते. ता. ३१ जानेवारी १९२० रोजीं त्यांनीं 'मूकनायक' सुरू केलें. त्यासाठीं राजर्षि शाहू महाराजांनीं अडीच हजार रुपयांचें साह्य दिलें. नांवांतच सारें आलें : ज्यांना बोलूं दिलें जात नाहीं, त्यांचा हा नायक. तें पत्र १९२३ मध्यें बंद पडलें. परंतु महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर दोनच आठवड्यांनीं, म्हणजे ता. ३ एप्रिल १९२७ रोजीं, 'बहिष्कृत भारत' निघालें. त्याचे बहुतेक रकाने बाबासाहेबांनीं एकट्यानें लिहून काढले. पैशाची ओढ एवढी, कीं १९२९ मध्यें तेंहि थांबलें. पुढें १९३० मध्यें 'जनता' आलें, आणि १९५६ मध्यें 'जनते'चेंच नांव 'प्रबुद्ध भारत' झालें. नांवें बदललीं, अंक खंडित झाले, पण वाचकसमाज खंडित झाला नाहीं. आणि म्हणूनच प्रत्येक वेळीं नवें पत्र उभें राहूं शकलें. तेंच 'प्रबुद्ध भारत' २०१७ मध्यें पुनः सुरू झालें आणि आज तें संकेतस्थळावरहि वाचावयास मिळतें. पत्र हें शरीर आणि वाचकसमाज हा प्राण, असें म्हटल्यास तें अतिशयोक्तीचें होणार नाहीं.

दादरला १९२१ मध्यें प्रबोधनकार ठाकरे ह्यांनीं 'प्रबोधन' काढलें. गिरगांवांत १९२३ मध्यें कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर ह्यांनीं 'नवाकाळ' सुरू केला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांत आचार्य अत्रे ह्यांच्या 'मराठा'नें, १९५६ च्या नोव्हेंबरापासून, सारें गिरणगांव जागतें ठेवलें. हा इतिहास आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक आहे. त्यावर अधिक बोलत नाहीं.

ह्या साऱ्याचा पाया एकच होता : वाचक एके जागीं राहत होता. तो पायाच पुढें निखळला. ता. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरणीकामगारांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लक्ष कामगार त्यांत उतरले. संप विधिवत् मागें घेतला गेला नाहीं, आणि गिरण्याहि पूर्वींसारख्या पुनः चालल्या नाहींत. हळूहळू धुराडीं पडलीं, त्यांच्या जागीं कांचेच्या कचेऱ्या आणि उंच इमारती आल्या. कामगार गांवीं गेले, नाहीं तर लोकलच्या शेवटच्या स्थानकांकडे सरकले. नाका गेला तेव्हां नाक्यावरची बातमीहि गेली. मोठीं दैनिकें चालूच होतीं. पण 'आमच्या चाळीचें पुढें काय होणार' हें त्यांत क्वचितच सांपडे.

नेमक्या ह्याच सुमारास नवें साधन आलें. १९९५ च्या ऑगस्टांत इंटरनेट भारतांत सामान्य ग्राहकास खुलें झालें. पुढच्याच वर्षीं परदेशस्थ मराठी मंडळींनीं 'मायबोली' हें संकेतस्थळ काढलें; आपल्या गांवापासून हजारों कोस दूर असलेलीं माणसें तेथें मराठींत बोलूं लागलीं. मराठी दैनिकांनींहि आपापलीं संकेतस्थळें उघडलीं. पण आरंभीं मोठी अडचण होती ती अक्षरांची. प्रत्येक पत्राचा टंक निराळा. तो आपल्या यंत्रांत नसला, तर मराठी मजकुराच्या जागीं नुसतीं चौकोनें आणि विचित्र चिन्हें दिसत. जावजी दादाजी ह्यांनीं १८६९ मध्यें निर्णयसागर छापखाना काढला आणि सुबक टंकानें देवनागरी मुद्रणास प्रतिष्ठा दिली. तसें कांहींतरी पडद्यासाठींहि व्हावयास हवें होतें. तें युनिकोड ह्या सर्वमान्य संकेतपद्धतीनें साधलें. एकाच्या यंत्रावर लिहिलेलें मराठी दुसऱ्याच्या यंत्रावर जसेंच्या तसें दिसूं लागलें, तेव्हांच वाचक खऱ्या अर्थानें लेखक होऊं शकला.

ह्या बदलाची परीक्षा २०२० मध्यें झाली. करोनाच्या साथींत मार्चच्या शेवटच्या आठवड्यांत मुंबईंतील वृत्तपत्रांची छपाई व वांटणी कांहीं दिवस थांबली. पहांटे पदपथावर बसून गठ्ठे लावणारे विक्रेते दिसेनासे झाले. ज्या घरांत तीन पिढ्या सकाळचा चहा आणि वृत्तपत्र बरोबर येत होतें, तेथें नुसता चहा राहिला. तेव्हां दैनिकांनीं आपलीं पानें मोबाइलवर धाडलीं, आणि माझ्यासारखे म्हातारे नातवंडांकडून तीं उघडावयास शिकले. चाळीच्या, इमारतीच्या, मंडळाच्या गटांवर कोणतें औषधाचें दुकान उघडें आहे, कोणाच्या घरीं जेवणाचा डबा पाठवावयाचा आहे, हें कळूं लागलें. फळा पुनः भिंतीवर लागला म्हणावयाचा, फक्त भिंत दिसत नव्हती.

दुसरें उदाहरण घरांचें. गिरणीकामगारांसाठीं बांधलेल्या ६,९२५ घरांची सोडत म्हाडानें २०१२ मध्यें काढली. अर्जदार आणि त्यांचे वारस कोंकणांत, साताऱ्यांत, कोल्हापुरांत विखुरलेले. यादी कोठें लागली, कोणतीं कागदपत्रें लागतात, मुदत कधीं संपते, ही बातमी त्यांच्या दृष्टीनें राजधानींतील कोणत्याहि घडामोडीहून मोठी होती. ज्या स्थानिक समाजाला आतां स्थानच उरलें नाहीं, त्याला त्याची बातमी पोंचवावयाची, तर ह्या नव्या साधनावांचून दुसरा उपाय मला तरी दिसत नाहीं.

तथापि ह्याच साधनानें मला एकदां चांगलेंच फसविलें. अथवा खरें सांगावयाचें, तर मींच इतरांस फसविलें. दोन दिवस पाणी बंद राहणार, असा संदेश मला कोणीतरी धाडला, आणि मीं तो आमच्या इमारतीच्या गटावर तत्काळ टाकला. घरोघरीं पिंपें, बादल्या, घागरी, मिळेल तें भांडें भरण्याची धांदल उडाली, आणि तासाभरांत गच्चीवरची टाकी रिकामी झाली. वरच्या मजल्यावर एक वृद्ध बाई एकट्या राहत. त्यांना त्या दिवशीं पिण्यापुरतेंहि पाणी मिळालें नाहीं. चौकशी करतां कळलें, कीं तो संदेश दोन वर्षांपूर्वींचा होता. त्यावर तारीख नव्हती, आणि लिहिणाराचें नांवहि नव्हतें. पस्तीस वर्षें मुलांच्या निबंधांत चुका शोधणाऱ्या मास्तराच्या ध्यानांत ही गोष्ट आली नाहीं! त्या सायंकाळीं मीं गटावर 'सकाळीं लिहिलें तें चुकलें' असें आपल्या नांवानिशीं लिहिलें, आणि त्या बाईंच्या दारीं जाऊन क्षमा मागितली. त्या वेळीं मला आमच्या चाळींतले ते साचेवाले आठवले.

म्हणून नव्या साधनाची पारख करावयाची, तर जुनींच मापें वापरावीं असें मला वाटतें. बातमीवर तारीख आहे काय? तिच्याखालीं कोणाचें नांव आहे काय? चूक झाल्यास ती कबूल करण्याची सोय आहे काय? ह्यांत चौथा प्रश्न पैशाचा. 'दर्पण'पासून 'बहिष्कृत भारता'पर्यंत आपलीं किती तरी पत्रें वर्गणीवांचून सुकलीं. आज वाचक मोबाइलच्या जोडणीसाठीं दरमहा पैसे भरतो, पण बातमी मात्र फुकट मागतो; आणि जाहिरातीचा पैसा मोठ्या परदेशी कंपन्यांकडे वाहतो. आपल्या वॉर्डांतील सभेला जाऊन बसणारा, पुनर्विकासाचे कागद तपासणारा वार्ताहर मग पोसावयाचा कोणीं? गटावर गप्पा पुष्कळ होतात. पण कागद तपासावयास कोणीतरी सकाळपासून संध्याकाळपर्यंत खपावें लागतें, आणि त्यालाहि पोट असतें.

पांचवा प्रश्न जपणुकीचा. 'मूकनायका'चे अंक कोणीतरी जपून ठेवले, म्हणून आज ते वाचतां येतात. गिरणगांवाच्या आठवणी मीना मेनन व नीरा आडारकर ह्यांनीं प्रत्यक्ष कामगारांच्या तोंडून टिपून घेतल्या आणि २००४ मध्यें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केल्या, म्हणून त्या उरल्या. पडद्यावरील मजकूर मात्र यंत्र बदललें कीं जातो. आमच्या फळ्यावरचा मजकूरहि रोज पुसला जात असे, हें खरें. पण चाळ उभी होती तोंवर तो माणसांच्या आठवणींत राहत होता. आतां चाळच नाहीं. तेव्हां महत्त्वाची बातमी, सभेचा वृत्तांत, जुनें छायाचित्र ह्यांची एखादी तरी प्रत कागदावर काढून जवळच्या ग्रंथालयास द्यावी, एवढी माझी विनंति आहे.

आमच्या चाळीचा गट अद्याप चालतो. गेल्या वर्षापासून आम्हीं एक नियम केला आहे : जो बातमी देईल, त्यानें शेवटीं तारीख घालावी आणि आपलें नांव लिहावें. पहिले काहीं दिवस तरुण मंडळी हंसलीं. आतां तींच मला आठवण करून देतात. परवां मीं लिहिलेल्या एका ओळीखालीं तारीख राहिली होती. पांचच मिनिटांत बदलापुराहून एका मुलाचा संदेश आला, "मास्तर, तारीख?" मीं ती घातली, आणि खालीं सही केली.