न दिसणाऱ्याचं वजन

आपल्या आकाशगंगेच्या केंद्रात सूर्याच्या सुमारे 43 लाख पट वस्तुमानाचं कृष्णविवर आहे. कृष्णविवर तर दिसत नाही, मग हे वजन कुणी आणि कसं केलं? ते केलं त्याच्याभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांवर वर्षानुवर्षं नजर ठेवून. या पाळतीच्या तंत्राची ही कुळकथा.

सुरुवात रेडिओपासून होते. 1930 च्या दशकाच्या आरंभी न्यू जर्सीत बेलच्या प्रयोगशाळेतले कार्ल जान्स्की रेडिओ-टेलिफोनमधली खरखर कुठून येते, ते शोधत होते. त्यातली एक खरखर धनू राशीकडून, म्हणजे आकाशगंगेच्या केंद्राच्या दिशेनं येत होती. 1974 मध्ये ब्रूस बॅलिक आणि रॉबर्ट ब्राउन यांना अमेरिकेतल्या ग्रीन बँकच्या दुर्बिणींनी तिथेच एक अगदी लहानसा, प्रखर रेडिओस्रोत सापडला. तोच सॅजिटेरियस ए-स्टार. ठिकाण सापडलं, वजन बाकी होतं.

त्याच दशकात बर्कलीला चार्ल्स टाउन्स यांच्या गटानं केंद्राजवळच्या वायूचे वेग मोजले. तिथे लाखो सूर्यांइतकं काहीतरी दडलेलं असावं, असा अंदाज निघाला. पण वायूला तारकीय वारे ढकलतात, चुंबकीय क्षेत्रं ओढतात, त्यामुळे त्याची साक्ष पक्की मानता येईना. तारा मात्र गुरुत्वाकर्षणापुढेच मान तुकवतो. म्हणून तारे बघायला हवे होते.

त्यात दोन अडचणी होत्या. पहिली धुळीची. केंद्र सुमारे 27,000 प्रकाशवर्षं दूर, आणि वाटेत इतकी धूळ की तिथून निघालेल्या दृश्य प्रकाशाच्या लाख कोटी कणांपैकी जेमतेम एक आपल्यापर्यंत पोचतो. अवरक्त प्रकाशात मात्र दहातला एक पोचतो, म्हणून कॅमेरे अवरक्त निवडले गेले. दुसरी अडचण आपल्याच वातावरणाची. हवा हलते, प्रतिमा थरथरते आणि दाटीनं असलेले तारे एकमेकांत मिसळून जातात.

यावर पहिला उपाय सरळ होता. सेकंदाच्या छोट्या अंशात एक, अशा हजारो प्रतिमा घ्यायच्या, प्रत्येक सरकवून नीट जुळवायची आणि सगळ्यांची बेरीज करायची. टाउन्स यांच्या हाताखाली तयार झालेले राइनहार्ड गेन्झेल आणि त्यांचे सहकारी आंद्रेआस एकार्ट यांनी 1992 मध्ये चिलीतल्या ला सिया इथल्या 3.5 मीटर दुर्बिणीवर हे काम सुरू केलं. 1995 पासून अँड्रिया गेझ यांनी हवाईतल्या 10 मीटरच्या केक दुर्बिणीवर तेच हाती घेतलं. पुढे अनुकूली प्रकाशिकी आली. तीत हवेची थरथर क्षणोक्षणी मोजून आरशाचा आकार त्याच वेगानं बदलतात. जवळ मार्गदर्शक तारा नसेल, तर लेझरनं सुमारे 90 किलोमीटर उंचीवरच्या सोडियमच्या थरात कृत्रिम तारा उजळतात.

मग एस2 नावाच्या ताऱ्याची पूर्ण कक्षा हाती आली. एका फेरीला 16 वर्षं, आणि केंद्रापासूनचं सरासरी अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे 1,000 पट. आता केप्लरचा नियम लावा: अंतराच्या घनाला काळाच्या वर्गानं भागायचं, उत्तर सूर्याच्या पटीत मिळतं. 1,000 चा घन 100 कोटी, 16 चा वर्ग 256. भागाकार सुमारे 39 लाख. काटेकोर मोजमापानं तो आकडा 43 लाखांवर स्थिरावला.

मे 2018 मध्ये एस2 केंद्रापासून पृथ्वी-सूर्य अंतराच्या 120 पट इतका जवळ आला. तेव्हा त्याचा वेग सेकंदाला 7,600 किलोमीटरहून जास्त होता. त्याच्या प्रकाशात आइनस्टाइनच्या सिद्धान्तानं सांगितलेलं गुरुत्वीय ताम्रसरण, म्हणजे गुरुत्वामुळे प्रकाशाचं लाल रंगाकडे सरकणंही दिसलं. 2020 चं भौतिकशास्त्राचं अर्धं नोबेल गेन्झेल आणि गेझ यांना विभागून मिळालं, उरलेलं अर्धं रॉजर पेनरोझ यांना.

12 मे 2022 रोजी या कृष्णविवराचं पहिलं चित्र जाहीर झालं. त्यातल्या प्रकाशकड्याचा आकार ताऱ्यांवरून काढलेल्या वस्तुमानाशी जुळला. चित्राचं कौतुक जरूर करावं, पण वजन त्याआधीच झालं होतं, आणि ते आकाशाच्या एकाच ठिपक्यावर तीस वर्षं नजर ठेवणाऱ्यांनी केलं होतं.