देहाचे माप आणि केसांचा रंग

गेल्या वर्षी आमच्या देवीच्या जत्रेपूर्वी दोन लहानशा खरेदींसाठी मी फोंड्याच्या बाजारात गेले होते. एक शिवलेले पोलके आणि एक कलपाची पेटी, एवढीच यादी होती. पहिल्या दुकानातील मुलाने मला एकवार न्याहाळले आणि कपाटाकडे न वळताच सांगितले, "आंटी, तुमच्या मापाचं आमच्याकडे येत नाही." दुसऱ्या दुकानात कलपाच्या पेट्या हव्या तितक्या होत्या, परंतु पेटीवरचा बारीक अक्षरांतील इशारा चष्मा लावून वाचला आणि ती पेटी जागच्या जागी ठेवून मी रिकाम्या हाताने घरी आले.

वकिली करणाऱ्या माणसाला एक खोड जडते. कोणतेही विधान ऐकले की त्यात आरोप कोणता आणि आरोपी कोण, हे तो आधी पाहतो. त्या मुलाच्या विधानात अपुरे होते ते पोलके. दोषी मात्र ठरला माझा देह. कलपाच्या पेटीवरील चित्रातही काळ्या केसांची हसरी स्त्री जणू मला विचारीत होती की, तुम्ही अजून काही केले नाही? चाळिशी ओलांडलेल्या, अंगाने भरलेल्या आणि कानशिलांवर पांढऱ्या झालेल्या किती तरी भगिनी या दोन प्रश्नांना उत्तर न देता घरी परततात. म्हणून हा आरोप केव्हा आणि कोणी ठेवला, याचा शोध घ्यावा असे मला वाटले.

प्रथम केसांचे प्रकरण घेऊ. पांढऱ्या केसाला आपल्या वाङ्मयात मोठा मान आहे. मखादेव जातकातील राजाला न्हाव्याने डोक्यातील पहिला पांढरा केस काढून दाखविला, तेव्हा राजाने न्हाव्याला एक गाव बक्षीस दिला, राज्य पुत्राच्या हाती सोपविले आणि स्वतः वनाची वाट धरली. कालिदासाने 'रघुवंशा'त दशरथाच्या वार्धक्याचे वर्णन करताना अशी कल्पना केली आहे की, पांढऱ्या केसाचे रूप घेऊन जरा राजाच्या कानापाशी आली आणि रामाला राज्य दे, असे तिने कैकेयीच्या भीतीने जणू हळूच सांगितले. येथे पांढरा केस हा अपराधी नसून दूत आहे. सुश्रुताने तर त्याची कारणमीमांसाही केली. क्रोध, शोक आणि श्रम यांनी शरीरातील उष्मा व पित्त मस्तकात जाऊन केस पिकवितात, असे त्याचे मत. आजचे शास्त्र केसांच्या मुळाशी रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी थकल्याचे सांगते व त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा मानते. तथापि क्रोध, शोक आणि श्रम हे तिघेही न्यायालयाच्या आवारातच मुक्कामाला असल्यामुळे सुश्रुताशी वाद घालण्याचे धैर्य मला होत नाही.

एवढ्यावरून आपले पूर्वज केस रंगवीत नसत, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. कलप ही पाश्चात्त्यांची देणगी असल्याचे पुष्कळदा सांगितले जाते, ते खरे नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिर हा अवंतीचा, म्हणजे उज्जैनकडचा ज्योतिषी. इंदूरच्या वाचकांना तो शेजारीच वाटावा. त्याच्या 'बृहत्संहिते'त ग्रहनक्षत्रांच्या बरोबरीने सुगंधी द्रव्यांचे एक प्रकरण आहे आणि त्याचा आरंभच केस काळे करण्यापासून होतो. ज्याचे केस पांढरे झाले त्याला माळा, सुगंध, वस्त्रे आणि अलंकार शोभत नाहीत, अशा आशयाचे कारण तो देतो. पुढची कृती अशी: कोद्रव, म्हणजे आपल्याकडचा हरीक, लोखंडी भांड्यात आंबट द्रवात लोहचूर्णासह शिजवावा, त्याचा बारीक लेप डोक्याला लावून पानांनी झाकावा, दोन प्रहरांनी तो काढून आवळ्याचा लेप द्यावा आणि पुन्हा दोन प्रहर थांबावे. शेवटी डोक्याला येणारा लोखंडाचा व आंबटाचा वास सुगंधी तेलांनी घालवावा, असेही सांगायला तो विसरत नाही. ही कृती केवळ कल्पनेची नाही. आवळ्यातील तुरट द्रव्याचा लोहाशी संयोग झाला की काळा रंग तयार होतो. जुन्या काळी लिहिण्याची शाई याच तत्त्वावर करीत. आजही आपल्या घरांत मेंदी आणि आवळकाठी रात्रभर लोखंडी कढईत भिजत ठेवतात, त्यामागे तेच रसायन आहे.

तेव्हा केस रंगविण्याची हौस जुनी आहे आणि न रंगविण्याचे वैराग्यही जुनेच आहे. बदलले ते साधन, आणि त्याबरोबर सक्तीची भावना. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा विद्यार्थी हिवतापावरील क्विनीन कृत्रिम रीतीने करू पाहत होता. क्विनीन साधले नाही. दगडी कोळशाच्या डांबरातून मिळणाऱ्या अॅनिलिनपासून एक जांभळा रंग मात्र हाती आला. त्यातून कृत्रिम रंगांचा कारखाना उभा राहिला आणि त्याच कुळातील पॅराफेनिलीनडायअमीन हे द्रव्य पुढे केसांवर आले. १९०७ मध्ये पॅरिसमधील तरुण रसायनशास्त्रज्ञ युजेन श्युलर याने असा कलप तयार केला आणि १९०९ मध्ये कंपनी काढली. तिच्या नावाचा अर्थ 'केसांच्या निरुपद्रवी रंगांची फ्रेंच कंपनी' असा होता. हीच पुढे लोरिआल झाली. जे नावातच निरुपद्रवी म्हणवून घेते त्याचा उपद्रव लोकांना आधीच ठाऊक असला पाहिजे, हे सांगण्यास कायद्याची पदवी लागत नाही.

आणि उपद्रव होताच. या द्रव्याने काहींच्या त्वचेला खाज सुटते, सूज येते, फोड उठतात. अमेरिकेत १९३३ च्या सुमारास पापण्या काळ्या करण्याच्या अशाच एका द्रव्याने एका स्त्रीची दृष्टी गेली. १९३८ मध्ये तेथे नवा कायदा झाला, तेव्हा पापण्यांच्या रंगांना त्याने आळा घातला. डोक्याच्या कलपांना मात्र पेटीवर ठरावीक इशारा छापण्याच्या अटीवर सूट दिली. आपल्या देशातील नियमांनीही इंग्रजीत व स्थानिक भाषेत असा इशारा बंधनकारक केला: आधी थोड्याशा त्वचेवर लावून पाहा, आणि पापण्या व भुवयांना लावू नका, कारण दृष्टी जाऊ शकते. मी दुकानात वाचला तो हाच. वराहमिहिराच्या कृतीला चार प्रहर लागत. नव्या कलपाला अर्धा तास पुरतो. पण केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतात, आणि तीन आठवड्यांत मुळाशी पांढरी रेघ पुन्हा उमटते. एकदा सुरू केलेला कलप हा अशा रीतीने न संपणाऱ्या तारखांचा दावा होतो. सोडावा तर लोक विचारतात, न सोडावा तर टाळू विचारते.

आता वस्त्रांकडे वळू. वराहमिहिराने पांढऱ्या केसाला वस्त्र शोभत नाही असे म्हटले. परंतु त्याच्या काळच्या वस्त्राला माणूस मोठा की लहान, हा प्रश्न फारसा पडत नव्हता. धोतर, उपरणे, नऊवारी लुगडे ही न शिवलेली वस्त्रे. अंग भरले तर निऱ्या कमी होतात, वाळले तर वाढतात. वस्त्र तेच राहते. शिवलेल्या वस्त्रांतही ही उदारता होती. पुरुषांची बाराबंदी बंदांनी आवळता वा सैल करता येई, आणि बायकांची चोळी पुढे गाठ मारून बसविली जाई. पुढे घरोघरचा शिंपी आला. त्याची फीत देहाभोवती फिरे आणि देह सांगेल ते त्याच्या वहीत उतरे.

हा क्रम उलटला तो कारखान्यात. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धात हजारो सैनिकांना एकाच वेळी गणवेश पुरवायचे होते. एकेकाचे माप घेण्यास वेळ कोठला? ठरावीक मापांचे कपडे आधी तयार झाले आणि सैनिकांनी त्यांतून निवड केली. तेथूनच पुरुषांच्या तयार कपड्यांची मापे रूढ झाली. स्त्रियांसाठी असा प्रयत्न १९३९-४० मध्ये झाला. अमेरिकन सरकारच्या कृषिखात्यातील रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांच्या देखरेखीखाली सुमारे १५,००० स्त्रियांची प्रत्येकी ५९ मापे घेण्यात आली व १९४१ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. परंतु हिशेबात धरल्या त्या फक्त गोऱ्या स्त्रिया. इतरांची मापे घेतली गेली तिथेही ती बाजूला ठेवण्यात आली. या पुराव्यावरून १९५८ मध्ये मापांचे सरकारी प्रमाण जाहीर झाले, १९७० मध्ये ते सुधारले आणि १९८३ मध्ये रद्द झाले. तेव्हापासून प्रत्येक कारखानदार आपापले आकडे ठरवितो. ग्राहक खूश व्हावा म्हणून कपडा मोठा आणि आकडा लहान, असेही सर्रास होते. ज्या आकड्यावरून एखादी स्त्री आरशासमोर डोळे पुसते, त्यामागे आज कोणताही कायदा नाही आणि एकवाक्यताही नाही.

या इतिहासात एक दिलासा देणारी स्त्रीही आहे. लीना हिमेलस्टाइन ही लिथुआनियातील मुलगी १८९५ मध्ये सोळाव्या वर्षी न्यूयॉर्कला आली. ब्रायंट नावाच्या जवाहिऱ्याशी तिचे लग्न झाले. मूल तान्हे असतानाच पती वारला. त्याने दिलेली हिऱ्यांची कर्णफुले गहाण टाकून तिने शिवणयंत्र घेतले आणि १९०४ मध्ये दुकान थाटले. बँकेच्या कागदावर 'लीना'चे 'लेन' झाले आणि दुकानाला 'लेन ब्रायंट' हेच नाव पडले. आरंभी ती गर्भवती स्त्रियांसाठी कपडे शिवी. पुढे तिचे दुसरे पती, अभियंता अल्बर्ट माल्सिन, यांनी सुमारे ४,५०० ग्राहक स्त्रियांची मापे घेतली व विमा कंपनीकडील नोंदीही तपासल्या. स्थूल स्त्रिया सगळ्या एकाच घडणीच्या नसतात, त्यांचे निरनिराळे प्रकार असतात, हे त्यांना आढळले. तोपर्यंत लहान कपडाच सर्व बाजूंनी वाढवून मोठा केला की काम झाले, अशी समजूत होती. खांदे तेवढेच राहतात आणि कंबर वाढते, हे त्या दोघांनी मोजून पाहिले. १९२३ पर्यंत त्यांची विक्री पन्नास लाख डॉलरवर गेली. ग्राहक होत्याच, त्यांना मोजणारे कोणी नव्हते.

आपल्याकडे तयार कपडे आले ते बहुतांशी इंग्रजी वा अमेरिकन मापकोष्टके घेऊन. भारतीय देहांचे स्वतःचे कोष्टक असावे म्हणून राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने देशव्यापी मोजणी करण्याचे २०१८ मध्ये जाहीर झाले. मुंबई आणि हैदराबाद यांसह सहा शहरांत २५,००० स्त्री-पुरुषांची मापे यंत्राने घेण्याचा तो संकल्प होता. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षे आपण परक्याच्या मापात स्वतःला कोंबीत होतो, ही त्या संकल्पातली कबुली मला महत्त्वाची वाटते.

वास्तविक हा धडा आपल्या देवळांत फार पूर्वीपासून कोरलेला आहे. मूर्तिशास्त्रात देवांच्या मूर्ती नवताल मानाने करतात. बारा अंगुळांचा एक ताल, म्हणून एकशे आठ अंगुळे. परंतु हे अंगुळ कारागिराच्या खिशातील पट्टीचे नसून त्या मूर्तीच्या स्वतःच्या उंचीतूनच काढलेले असते. आणि गणपतीला पंचताल मान दिले आहे. लंबोदराला नवतालात बसवून त्याचे पोट चुकले, असे कोणत्याही शिल्पशास्त्राने म्हटले नाही. आपली परंपरा या बाबतीत सर्वस्वी निर्दोष आहे असे मात्र मी म्हणणार नाही. त्याच 'बृहत्संहिते'त एकशे आठ अंगुळांचा पुरुष उत्तम आणि चौऱ्याऐंशी अंगुळांचा हीन अशी प्रतवारीही आहे. उत्तम-हीन ठरविण्याचा मोह जुनाच. तो मोह पाळावयाचा की मूर्तिकाराचा विवेक, हे आपण ठरवावे.

पुरावा एवढाच आहे. देहावर ठेवलेला आरोप मूळच्या कागदपत्रांत कोठेच सापडत नाही. तेथे आढळतात त्या कारखान्याच्या सोयी, अपुरी मोजणी आणि विक्रीची निकड. कलप लावावा की लावू नये, हा ज्याचा त्याचा प्रश्न. दशरथाला ते शोभले, वराहमिहिराला हे. लावणाऱ्याने पेटीवरील इशारा वाचून आधी कोपराच्या आतल्या बाजूस थेंबभर लावून दोन दिवस वाट पाहावी, आणि न लावणाऱ्याकडे कोणी खुलासा मागू नये. दुकानदारांनाही एक विनंती आहे. "तुमच्या मापाचं येत नाही" असे म्हणण्याऐवजी "आम्ही ते माप ठेवत नाही" असे म्हणावे. शब्द फारसे बदलत नाहीत, पण दोष जेथल्या तेथे राहतो.

जत्रेच्या दिवशी मी देवीची खणानारळाने ओटी भरली. खण हा न शिवलेला. देवीला तो अर्पण करताना माप कोणी विचारीत नाही. परतताना पुजाऱ्यांनी प्रसाद म्हणून दुसरा एक खण माझ्या हाती ठेवला. दुसऱ्या दिवशी तो मी आमच्या आळीतील वृद्ध शिंप्याकडे नेला. त्यांनी फीत फिरविली, वहीत सहा आकडे लिहिले आणि पोलके मंगळवारी देतो म्हणून सांगितले.