बुरूड राजाचा कोट

उत्तरेस वैतरणेचे मुख, दक्षिणेस वसईची खाडी आणि पूर्वेस तुंगारेश्वराची डोंगररांग, यांच्यामधील सखल मुलखात ज्या नगरीच्या बंदरात दूरदेशीची गलबते लागत आणि जिचा माल सह्याद्रीचे घाट चढून जुन्नर-पैठणास जाई, ते शूर्पारक म्हणजेच आजचे सोपारे होय. नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखात क्षत्रप राजा नहपानाचा जामात उषवदात याने येथे चौसोपी विश्रामस्थाने, उद्याने, तळी व विहिरी केल्याची नोंद असून येथील रामतीर्थाच्या साधुसंघासह अन्य ठिकाणच्या संघांना त्याने नानंगोल गावचे बत्तीस हजार माड इनाम दिले होते. वसईच्या वाड्यांतून हिंडलेल्या माणसाला या दानाचे अप्रूप निराळे सांगावे लागत नाही.

कालांतराने खाड्या गाळाने भरत गेल्या, बंदराची आमदानी आटली आणि उरला तो विटांचा एक उंचवटा, ज्याला गावकरी बुरूड राजाचा कोट म्हणत. पेरू देशात उरुबांबा नदीच्या खोऱ्यावरील माचू पिक्चू हे इंका नगर १९११ साली हायरम बिंगहॅमने जगापुढे आणले, तेव्हाही तेथील पडक्या भिंतींलगत शेतकरी कुटुंबे नांदतच होती. अशा स्थळांचे पहिले राखणदार स्थानिक लोकच असतात, हे शोधाचा गौरव करताना आपण फार लवकर विसरतो.

पुरातत्त्वसंशोधक पंडित भगवानलाल इंद्रजींनी मात्र त्या लोकस्मृतीचा मान राखला. एप्रिल १८८२ मध्ये त्यांनी उंचवटा मधोमध खणविला, तेव्हा तो बौद्ध स्तूप निघाला आणि आत दगडी पेटी लागली. तिच्यात तांब्याचा करंडक आणि त्याभोवती मैत्रेयासह बुद्धांच्या आठ धातुमूर्ती होत्या. तांब्याच्या आत रुप्याचा, रुप्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि स्फटिकात सोन्याचा करंडक. आणि एवढ्या ऐश्वर्याच्या गाभ्यात काय, तर मातीच्या भांड्याच्या तेरा लहानशा खापऱ्या! त्या तथागताच्या भिक्षापात्राच्या असाव्यात, असे पंडितजींचे मत पडले. सोबत सापडलेले सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचे नाणे दुसऱ्या शतकाकडे बोट दाखविते, तर मूर्ती आठव्या-नवव्या शतकातील आहेत; म्हणजे शेकडो वर्षांनंतरही कोणी श्रद्धाळूंनी स्तूप उघडून, पूजा बांधून, तो पुन्हा मिटविला असावा. मला स्वतःला सोन्याहून या अनामिकांची निष्ठा अधिक मोलाची वाटते.

त्याच वर्षी पंडितजींना सोपाऱ्यास अशोकाच्या आठव्या आज्ञालेखाचा तुकडा लाभला. नवव्याचा तुकडा पुढे १९५६ साली जवळच्या भुईगावी सापडला.