हायब्रिड मोटारीचे इंजिन धुऊ नका, पुसा

बीड : शहरातून बाहेर पडणाऱ्या कोणत्याही रस्त्याने गेले, की नाक्याच्या अलीकडे-पलीकडे एखादे तरी वॉशिंग सेंटर दिसतेच. मोटार रॅम्पवर चढते, बॉनेट उघडले जाते आणि मालक चहा पिऊन परत येईपर्यंत तेथील मुलगा प्रेशर पंपाच्या नळीने इंजिनवरची सारी धूळ धुऊन मोकळा होतो. वर डिझेलचा हलका फवारा मारला, की रबर आणि प्लॅस्टिकचे भाग नव्यासारखे चमकू लागतात. जीपगाड्या आणि ट्रॅक्टर यांच्यावर रुळलेली ही पद्धत पेट्रोल मोटारींनीही आजवर कशीबशी सोसली. हायब्रिड मोटारीला मात्र ती मानवणारी नाही.

हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर या दोन्हींवर चालणारी गाडी. जपानमध्ये टोयोटाने १९९७ च्या डिसेंबरमध्ये प्रियस विक्रीस आणली. भारतात होंडाची सिव्हिक हायब्रिड २००८ मध्ये आणि प्रियस २०१० मध्ये आली. परंतु त्यांच्या किमती पाहता त्या महानगरांपुरत्याच राहिल्या. २०२२ मध्ये होंडा सिटीची हायब्रिड आवृत्ती, टोयोटाची अर्बन क्रूझर हायरायडर, मारुती सुझुकीची ग्रँड व्हिटारा आणि वर्षअखेरीस इनोव्हा हायक्रॉस एकापाठोपाठ दाखल झाल्या, तेव्हा कुठे हे तंत्र मध्यमवर्गीयांच्या अंगणापर्यंत पोहोचले.

तथापि, मागच्या दारावर ‘हायब्रिड’ अशी अक्षरे असलेली प्रत्येक गाडी या लेखातील अर्थाने हायब्रिड नव्हे. मारुती सुझुकीने २०१५ पासून सियाझ, अर्टिगा आदी गाड्यांत जी ‘स्मार्ट हायब्रिड’ यंत्रणा दिली, ती बारा व्होल्टचीच आहे. पट्ट्यावर फिरणारा जनरेटर इंजिनला थोडा हातभार लावतो, एवढेच. तेथेही पाण्याचा मारा टाळावा हे खरे, पण उच्च दाबाच्या विजेचा प्रश्न त्या गाड्यांत उद्भवत नाही. ज्यांना ‘स्ट्राँग हायब्रिड’ म्हटले जाते, त्या गाड्या वेगळ्या. त्या ओळखण्याची सोपी खूण म्हणजे बॉनेटखालून जाणाऱ्या जाड नारिंगी केबल.

नारिंगी रंगाचा अर्थ

घरातील वीज २३० व्होल्टची असते. हायरायडर आणि ग्रँड व्हिटारा यांच्या स्ट्राँग हायब्रिड आवृत्तीतील बॅटरी सुमारे १७७ व्होल्टची आहे. २०१० मध्ये भारतात आलेल्या प्रियसची बॅटरी २०१.६ व्होल्टची होती आणि तिच्यातील यंत्रणा हा दाब गरजेनुसार ६५० व्होल्टपर्यंत चढवीत असे. बॅटरीतील वीज मोटरला चालेल अशा स्वरूपात बदलणारी पेटी, म्हणजे इन्व्हर्टर, बहुधा इंजिनच्या शेजारीच बसविलेली असते आणि तिच्यावर धोक्याची पिवळी पट्टी असते. एअर कंडिशनरचा कॉम्प्रेसरही या गाड्यांत विजेवर चालतो, त्यामुळे त्याच्याकडेही नारिंगी केबल जाते.

मग गाडी पुसताना शॉक बसेल काय? केबल शाबूत असतील, कोणतेही झाकण उघडलेले नसेल आणि गाडी बंद असेल, तर ही शक्यता अगदी कमी. साध्या बॅटरीची ऋण बाजू गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते. उच्च दाबाची यंत्रणा मात्र पत्र्यापासून पूर्ण अलग ठेवलेली असते आणि कुठे गळती होत आहे काय, यावर गाडीचा संगणक सतत लक्ष ठेवतो. गाडी बंद केली, की बॅटरीपाशी असलेले रिले उघडतात आणि केबलमधील वीज तुटते. इन्व्हर्टरच्या आतील कपॅसिटरमध्ये मात्र ती काही काळ साठून राहते. म्हणूनच प्रशिक्षित तंत्रज्ञदेखील सर्व्हिस प्लग काढल्यावर काही मिनिटे, टोयोटाच्या नियमाप्रमाणे दहा मिनिटे, थांबूनच पुढील कामाला हात घालतो. हा सर्व्हिस प्लग मालकाने काढावयाचा नाही. सफाईसाठी त्याची गरजच पडत नाही.

खरे नुकसान होते ते पाण्याने. पावसाचे पाणी आणि चाकांनी उडविलेले शिंतोडे सोसण्याइतके या भागांचे सील मजबूत असतात. परंतु वॉशिंग सेंटरच्या नळीतील पाण्याचा दाब टायरमधील हवेच्या कितीतरी पट असतो आणि तो सीलच्या नेमक्या फटीवर जवळून आदळतो. कनेक्टरमध्ये चार थेंब शिरले, तरी संगणकाला गळतीचा संशय येतो आणि पुढच्या वेळी गाडी सुरू होण्यास नकार देते. हा बिघाड नेहमीच लगेच दिसतो असेही नाही. आत राहिलेली ओल पिना गंजवीत राहते आणि महिन्याभराने दोष उघडकीस येतो, तेव्हा त्या धुलाईची आठवणही कोणाला राहिलेली नसते. इन्व्हर्टर हा गाडीतील अत्यंत महागड्या भागांपैकी एक आहे, ही बाब पाण्याची नळी मागण्यापूर्वी लक्षात घ्यावी.

डिझेलचा फवारा तर पूर्णपणे टाळावा. डिझेलने रबरी नळ्या फुगतात व मऊ पडतात, त्यावर पहिल्याच दिवशी दुप्पट धूळ बसते आणि तापलेल्या सायलेन्सरजवळ ते पेट घेऊ शकते. रॉकेल, पेट्रोल आणि थिनर यांनाही हेच लागू आहे.

इकडची धूळ

बॉनेटखाली थोडी धूळ असणे हा दोष नव्हे, हे आधीच सांगितलेले बरे. पुण्या-मुंबईच्या डांबरी रस्त्यांवरच फिरणाऱ्या गाडीचे बॉनेट वर्षभर कोणी पुसले नाही, तरी फारसे बिघडत नाही. बीड जिल्ह्यातील गोष्ट थोडी निराळी आहे. उन्हाळ्यात काळ्या मातीची बारीक धूळ प्रत्येक फटीत जाऊन बसते. परळी परिसरात औष्णिक वीज केंद्राच्या राखेची भर पडते. गेवराई, माजलगावकडे हंगामात कापसाचे तंतू उडून रेडिएटरच्या जाळीत अडकतात, तर उसाच्या गाड्यांमागून जाताना पाचटाचे तुकडे आत ओढले जातात. झाडाखाली गाडी लावणाऱ्यांच्या बॉनेटच्या मागील खाचेत लिंबाचा पाला साचतो. या खाचेतून पाणी जाण्याची भोके बुजली, की पहिल्याच पावसात पाणी नको तेथे उतरते. म्हणून वर्षातून दोनदा, एकदा मृगापूर्वी आणि एकदा दिवाळीनंतर, कोरडी सफाई पुरेशी आहे.

कृती

काम सकाळी, इंजिन थंड असताना करावे. रात्रभर उभी असलेली गाडी सर्वांत उत्तम. सपाट जागी ती ‘पी’मध्ये ठेवून हँडब्रेक लावावा, बटण दाबून बंद करावी आणि समोरच्या फलकावरील ‘रेडी’ ही अक्षरे विझल्याची खात्री करावी. हे फार महत्त्वाचे. हायब्रिड गाडी सुरू असली तरी इंजिन शांत असू शकते. आवाज नाही म्हणजे गाडी बंद, हा आपला जुना हिशेब येथे चुकतो. ‘रेडी’ दिसत असताना बॉनेट उघडून हात घातला आणि बॅटरी उतरल्यामुळे इंजिन आपोआप सुरू झाले, तर बोटे वाचणार नाहीत. किल्ली खिशात ठेवून वाकू नये. ती घरात नेऊन ठेवावी. मुले आसपास असतील तर हे विशेष करून पाळावे. हातातील अंगठ्या, कडे आणि गळ्यातील साखळी काढून ठेवावी.

साहित्य साधे आहे : दीड-दोन इंची मऊ रंगाचा ब्रश, नळीचा व्हॅक्यूम क्लीनर, चार-पाच सुती किंवा मायक्रोफायबर फडकी, बादलीभर पाणी आणि चमचाभर मोटारीचा शाम्पू. ब्रशची धातूची पट्टी चिकटपट्टीने झाकून घ्यावी. प्रथम मागील खाचेतील पाला हाताने काढावा. मग वरून खाली ब्रशने धूळ सैल करीत जावी आणि मागोमाग व्हॅक्यूमने ओढून घ्यावी. कॉम्प्रेसरची हवा मारावयाची असल्यास टाकीतील पाणी आधी काढून टाकावे, दाब कमी ठेवावा आणि नळी हातभर लांब धरावी. रेडिएटरची पाती नाजूक असतात. तेथे ब्रश पात्यांच्या दिशेनेच फिरवावा, आडवा नाही.

त्यानंतर पुसणे. फडके शाम्पूच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळावे. दाबल्यावर थेंब पडता कामा नये. प्लॅस्टिकची झाकणे, हवेच्या फिल्टरची पेटी, बॉनेटची आतील बाजू आणि कडेचे पत्रे एवढेच ओल्या फडक्याने पुसावेत. तेलकट डागासाठी पाण्यात मिसळणारे डीग्रीजर चालेल, मात्र ते फडक्यावर घ्यावे, इंजिनवर फवारू नये. इन्व्हर्टरची पेटी आणि नारिंगी केबल यांच्यावरची धूळ कोरड्या ब्रशने हलकेच झाडावी, यापलीकडे तेथे काही करू नये. कोणतेही कनेक्टर ‘नीट साफ व्हावे’ म्हणून ओढून काढू नये. शेवटी सर्व भाग कोरड्या फडक्याने टिपून घेऊन बॉनेट अर्धा तास उघडे ठेवावे.

बॉनेट उघडलेच आहे, तर कूलंटच्या टाक्याही पाहून घ्याव्यात. बऱ्याच हायब्रिड गाड्यांत इंजिनचे कूलंट वेगळे आणि इन्व्हर्टरचे वेगळे असते. काच धुण्याच्या पाण्याची टाकी तिसरी. घाईत एकीचे दुसरीत ओतण्याचा प्रमाद होऊ नये म्हणून झाकणावरील खुणा वाचूनच हात लावावा. बारा व्होल्टची साधी बॅटरी काही मॉडेलमध्ये बॉनेटखाली नसून डिकीत असते. ती सोडविण्यापूर्वी गाडीसोबतची पुस्तिका पाहावी, अन्यथा विजेवर उघडणारी डिकी बंद होऊन बसण्याची वेळ येते.

उंदरांचा उपद्रव

शेताजवळ किंवा गोदामाजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदरांची घरटी हमखास सापडतात. कापूस, कडब्याचा भुसा, चिंध्या असा सारा संसार इंजिनच्या उबेला थाटलेला असतो. तापलेल्या सायलेन्सरजवळ हा पाचोळा आगीला निमंत्रणच आहे. तो काढताना तोंडावर रुमाल आणि हातात रबरी मोजे असावेत. उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसची लागण होते. लेंड्यांवर थोडे जंतुनाशक टाकून त्या ओल्या झाल्या, की कागदाने उचलाव्यात. कोरड्या झटकू नयेत. येथे व्हॅक्यूम वापरू नये.

या सफाईत नारिंगी केबलवर दातांच्या खुणा किंवा सोललेले आवरण दिसले, तर काम तेथेच थांबवावे. केबलला चिकटपट्टी लावू नये, गाडी सुरू करू नये आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरला कळवावे. ‘वायरच आहे, जोडून देतो’ म्हणणारा नेहमीचा मिस्त्री कितीही विश्वासू असला, तरी या कामाचे प्रशिक्षण त्याला मिळालेले आहे काय, हे विचारणे त्याच्याच जिवाच्या हिताचे आहे.

चुकून पाणी गेलेच तर

कोणी अजाणता नळी मारलीच, तर लगेच बटण दाबून पाहू नये. पाणी टिपून, बॉनेट उघडे ठेवून गाडी दिवसभर कोरड्या, हवेशीर जागी उभी ठेवावी. सुरू केल्यावर हायब्रिड यंत्रणा तपासण्याची सूचना फलकावर आली, तर पुन:पुन्हा प्रयत्न न करता ती बंद करावी.

येथे आणखी एक स्थानिक सवय आड येते, ती म्हणजे बंद पडलेली मोटार दोरखंडाने ट्रॅक्टरमागे बांधून ओढत नेण्याची. वर उल्लेखिलेल्या गाड्यांत विजेची मोटर पुढच्या चाकांना जोडलेली असते. चाके रस्त्यावर फिरली, की मोटरही फिरते आणि वीज निर्माण करू लागते. आधीच बिघडलेल्या यंत्रणेत ही वीज आणखी नुकसान करते. अशी गाडी चारही चाके उचलून, सपाट पाटा असलेल्या वाहनावरूनच न्यावी. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत जिल्ह्यात पुराचे पाणी वस्त्यांमध्ये शिरले होते. पुरात बुडालेल्या हायब्रिड गाडीची सफाई घरी करण्याच्या फंदात पडूच नये. विमा कंपनीला कळवून, छायाचित्रे काढून ती आहे त्या स्थितीत पाठवावी.

बॉनेट लखलखीत ठेवणाऱ्या अनेकांच्या नजरेतून सुटणारी एक जागा गाडीच्या आत आहे. हायब्रिडची मोठी बॅटरी थंड राहण्यासाठी बऱ्याच मॉडेलमध्ये आसनाच्या बाजूला किंवा खाली हवा ओढणारी जाळी असते. तिच्यावर पिशवी, उशी वा घोंगडी ठेवली किंवा ती धुळीने बुजली, की बॅटरी तापते आणि तिचे आयुष्य घटते. जिल्ह्यातील धूळ पाहता ही जाळी महिन्यातून एकदा व्हॅक्यूमने साफ करावी. तिच्यामागील फिल्टर काढता येतो की नाही, हे मॉडेलनुसार बदलते. पुस्तिकेत तसे पान असल्यास ते पाहून घ्यावे आणि सर्व्हिसिंगला गाडी देताना कामाच्या यादीत ते आवर्जून लिहून द्यावे.